शर्यतीची नको, आधी शिंगराची वाट पाहा

मासामी युकी यांची 'जाजाउमा ग्रूमिंग अप' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचायला घेतोयस म्हणून सांगतो. २६ खंड बघून दचकू नकोस, आणि उजवीकडून डावीकडे वाचायची सवय दोन दिवसांत होते. पण पहिल्याच खंडात शर्यतीचा थरार शोधशील तर कंटाळशील. टोकियोचा एक शाळकरी पोरगा जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरल्या घोड्यांच्या फार्मवर येऊन पडतो, आणि पुढे लीद उपसणं, खरारा, घोडीचं बाळंतपण. घोडी अकरा महिने गाभण असते, शिंगरू शर्यतीत उतरायला आणखी दोनेक वर्षं. कथाही त्याच चालीनं चालते. मला तर तीच गोडी लागली.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव, इथे मीही गोंधळलो होतो. ही मालिका १९९४ ते २००० मधली. तेव्हा जपानात घोडा जन्मला की एक वर्षाचा धरत आणि दर नव्या वर्षी एक वाढवत. २००१ पासून ती पद्धत बदलली. म्हणून यातला 'चार वर्षांचा' डर्बीचा, म्हणजे त्या मोठ्या शर्यतीचा, घोडा आजच्या हिशेबानं तीनचाच. वय दिसलं की एक वजा कर.

बाकी वंशावळीची नावं पाठ करत बसू नकोस.