रेडियन राहू द्या, आधी टिंबानंतरचे आकडे बघा

अक्षांश-रेखांशांवरून समुद्रातल्या बिंदूंमधलं अंतर काढणाऱ्या एक्सेल शीटबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि माझीच जुनी शीट समोर आली. तुम्ही म्हणता, सूत्र दहादा तपासलंय, कोन रेडियनमध्ये (अंशांऐवजी कोन मोजायचं एकक) केलेत, तरी काही बिंदू जागेवर आणि काही थेट जमिनीवर. शिवाय अंतर म्हणून उत्तर येतं ०.०३४९.

ते ०.०३४९ बरोबरच आहे, रेडियनमधला कोन आहे तो. एका रेडियनमधल्या मिनिटांनी, म्हणजे ३४३७.७५ ने गुणा, १२० सागरी मैल येतील. झालं.

खरी गोची यादीत असावी. मला एका कार्यालयाकडून बिंदूंची यादी आली होती. रकान्यावर नुसतं 'अक्षांश', खाली १५.०२, १५.४५ असे आकडे. मी दशांश अंश समजलो. पहिला बिंदू चार्टशी (समुद्री नकाशाशी) ताडून पाहिला, पाऊण मैल इकडेतिकडे. म्हटलं, चालायचंच. तिथेच फसलो. ती अंश-मिनिटं होती. १५.०२ म्हणजे १५°०२′, मी धरलं १५°०१.२′, चूक ०.८ मैल. पण १५.४५ ला तोच घोळ केला की १५°४५′ चं १५°२७′ होतं. १८ सागरी मैल, म्हणजे ३३ किलोमीटर! फोन केला तर उत्तर काय, "सगळे असंच लिहितात." दुसऱ्या दिवशी तीच यादी पुन्हा पाठवली, या वेळी पीडीएफ करून.

तर अख्खा रकाना नजरेखालून घाला. टिंबानंतरचे पहिले दोन आकडे कुठेच ५९ च्या वर जात नसतील तर ती मिनिटंच समजा. दोनचारच बिंदू असतील तर मात्र यावर विसंबू नका. आणि रकाना टेक्स्ट म्हणूनच आत घ्या, नाहीतर १५.५० चं शेवटचं शून्य शीट खाते आणि ती ५ मिनिटं की ५० यावर वाद घालत बसावं लागतं.

मी आता अंश, मिनिटं आणि दिशा असे तीन वेगळे रकाने ठेवतो, दक्षिण-पश्चिमेचं उणे चिन्ह अगदी शेवटी लावतो. विषुववृत्ताजवळ अंशात −० लिहिलं की शीट त्याचं ० करते आणि दक्षिणेचा बिंदू गुपचूप उत्तरेला जातो.

जाता जाता: दिशाकोन काढताना एक्सेलचं एटॅन२ (ATAN2, एक्स आणि वाय वरून कोन देणारं फंक्शन) आधी एक्स मागतं, बहुतेक प्रोग्रामिंग भाषा आधी वाय. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेलीय.

मी हौशी माणूस, तेव्हा निघण्याआधी प्रत्येक बिंदू चार्टवर हाताने मांडाच. आणि एक मिनिट म्हणजे एक मैल हे अक्षांशापुरतंच, रेखांशाला लावू नका.

तुमच्या यादीत टिंबानंतरचा सगळ्यात मोठा आकडा किती आहे?