पहिले चित्रपुस्तक करताना

आफ्रिकन-अमेरिकन कलावंतांवरील चित्रपुस्तकाचा तुमचा आराखडा वाचला आणि आवडला, पण ३२ पानांत २० माणसे बसवण्याचा मोह आधी सोडा. नवख्यांची पहिली चूक हीच असते: प्रत्येकाच्या वाट्याला जन्मसाल, पुरस्कार आणि 'महान' हे विशेषण येते, मुलाच्या हाती मात्र काहीच लागत नाही. पाच-सहा व्यक्ती पुरेत.

प्रत्येकीसाठी चित्रकाराला काढता येईल असा एकच प्रसंग निवडा. शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज लहानपणी फ्लोरिडातल्या आपल्या गावच्या तांबड्या मातीची बदके करी आणि त्यापायी वडिलांचा मार खाई. पुढे १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तिने हार्प या तंतुवाद्याच्या आकाराचे १६ फुटी शिल्प घडवले, ज्यात तारांच्या जागी गाणारी मुले उभी होती. पण ब्राँझमध्ये ओतायला पैसे नसल्याने प्रदर्शनानंतर ते प्लास्टरचे शिल्प मोडून टाकण्यात आले. हा शेवट गाळू नका. मुलांना तो झेपतो, बिचकतो ते आपणच.

दुसरी चूक अन्याय गुळमुळीत सांगण्याची. गायिका मॅरियन अँडरसनला वॉशिंग्टनच्या सभागृहात 'काही अडचणींमुळे' गाता आले नाही, असे लिहू नका. ती कृष्णवर्णीय असल्यामुळे तिला नाकारले, असे लिहा आणि मग लिंकन स्मारकासमोर जमलेला ७५ हजारांचा समुदाय समोरासमोरच्या दोन्ही पानांवर पसरू द्या.

यमके आणि परिशिष्टे सध्या राहू द्या. एकाच व्यक्तीवर शंभरेक शब्द लिहून सात वर्षांच्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवा आणि ते जिथे चुळबुळ करील तिथे पेन्सिलीने खूण करा.