स्कूबा करताना पाय सारखे खाली जातात. बेल्टवरचं वजन कसं लावावं?

तुम्ही लिहिलंय की ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला कोर्स) झाला, 3 मिमीच्या वेटसूटवर कमरेला 8 किलो शिसं लावता आणि तरीही प्रत्येक फोटोत उभेच दिसता. त्यातला 'तरीही' काढा. 8 किलो आहेत म्हणूनच उभे दिसता.

शिसं जास्त झालं की खाली ओढ लागते. ती मोडायला आपण बीसीडीत (टँक अडकवायच्या, हवा भरता येणाऱ्या जॅकेटमध्ये) हवा भरतो, ती वर खांद्यांपाशी जमते. शिसं मात्र कमरेला. छाती वर, कंबर खाली. उलाळ झालेली बैलगाडी बघितली असेल तर लगेच कळेल. त्यात फुप्फुसंही छातीतच, म्हणजे तो भाग मुळातच हलका. आता या तिरक्या अवस्थेत किक मारली की ती पुढे नेण्याऐवजी वर ढकलते, त्यामुळे वजन जास्त आहे हे कळतच नाही. दहा सेकंद पाय थांबवून बघा. बुडू लागलात तर इतका वेळ पायांनी शिसं उचलून धरलं होतंत.

म्हणून आधी वजन कमी करायचं, जागा बदलायचा विचार नंतर.

डाइव्ह संपत आली, टँकमध्ये 50 बार दाब उरला की उथळ पाण्यात, नेहमीच्या खोलीचा श्वास घेऊन बीसीडी पूर्ण रिकामी करा आणि स्थिर राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं, श्वास सोडल्यावर हळूहळू खाली जायला हवं. दगडासारखे गेलात तर एक किलो काढा, पुढच्या डाइव्हला पुन्हा तपासा. हे भरलेल्या टँकवर करून चालत नाही. 11 लिटरच्या टँकमध्ये 200 बारला हवाच पावणेतीन किलोंच्या आसपास असते, त्यातली दोन किलो डाइव्हमध्ये संपते. भरल्या टँकवर तपासावंच लागलं तर येईल त्या वजनात ती दोन किलो वाढवा. पुण्यातल्या तलावात सराव करणार असाल तर समुद्रात साधारण दोन किलो जास्त लागतील, खाऱ्या पाण्यामुळे.

माझंही हेच झालं होतं. अंदमानातल्या हॅवलॉकला सुरुवातीच्या डाइव्हना मी खाली जात नव्हतो, तर बोटीवरच्या माणसाने आणखी एक वजन ओवून दिलं. खरं कारण वेगळंच होतं: भीतीने श्वास पूर्ण सोडत नव्हतो आणि पाय सतत हलवत होतो. पुढे कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला त्याच जाडीच्या सूटमध्ये 4 किलोंवर आलो, आणि निम्मं तिरकेपण आपोआप गेलं.

राहिलेल्या निम्म्यासाठी जागा बदला. पाय खाली जात असतील तर वजन डोक्याकडे सरकवायचं. सगळ्यात सोपं म्हणजे बीसीडीचा पट्टा सैल करून टँक तीन-चार सेंटिमीटर वर घ्या (फार वर नको, मान मागे केली की व्हॉल्व्ह डोक्याला लागतो). तेवढ्याने भागलं नाही तर टँकच्या वरच्या पट्ट्यावर छोटे पाऊच लावून बेल्टवरचं एकेक किलो त्यात टाका. पण सगळं शिसं तिकडे नेऊ नका. पाऊचमधलं आणीबाणीत झटकन टाकता येत नाही, बेल्टवरचं येतं. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. बडीला (डाइव्हमधल्या जोडीदाराला) बाजूने व्हिडिओ काढायला सांगा, हातांची घडी घालून, पाय न हलवता. आपल्याला आडवे वाटतो आणि व्हिडिओत पंचेचाळीस अंशांत दिसतो, हा अनुभव सगळ्यांचाच.

मालवणला वाळूवर हे लगेच उघडं पडतं. तिरका माणूस किकगणिक वाळू उडवतो आणि मागच्याला काही दिसत नाही.

आणि हो, फिन्स (पायात घालायच्या वल्ह्यांसारख्या पट्ट्या) कुठल्या आहेत ते लिहिलं नाहीत. जाड रबरी असतील तर त्याच पाय खाली ओढत असतील. पाऊच विकत घेण्याआधी भाड्याने हलकी प्लास्टिकची जोडी घेऊन एक डाइव्ह करून बघा.