जुनी कॅराव्हॅन, सासऱ्यांचं भाट आणि वहिनींच्या पाटल्या

गोव्यातल्या डिचोलीहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. महिन्याला 65,000 च्या आसपास हाती येतात. घरखर्च 45,000, मशीनच्या कर्जाचा हप्ता 6,200. एका सहकारी बँकेत 9 लाखांची एफडी आहे. मुलगी अकरावीत, तिला इंजिनिअरिंगला जायचंय. पेडणे तालुक्यात एका भाटात (माडांच्या बागायतीत) कित्येक वर्षं पडून असलेली जर्मन बनावटीची एरिबा कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, 2,75,000 रुपयांना मिळते आहे. दुरुस्तीला 3,50,000 लागतील, मजुरी माझीच म्हणजे शून्य. मांद्र्याला सासऱ्यांच्या भाटात ती उभी करून पर्यटकांना द्यायची, रात्रीचे 3,500, वर्षाला 200 रात्री. पत्नीच्या सोन्यावर 4 लाख काढीन, उरलेले एफडीतून. वडिलांचे खाणीवर दोन ट्रक होते, ते ट्रक गेल्यापासून घरात दुसरं उत्पन्न नाही, म्हणून हा विचार. भाटकाराचा मुलगा रविवारपर्यंत 25,000 विसार मागतोय. देऊ का?"

या रविवारी तरी देऊ नका.

गाडी तुम्ही चांगली हेरलीत, हे आधी सांगून टाकतो. एरिख बाखेम मूळचे विमानाच्या कामातले. त्यांनी आणि एर्विन हायमर यांनी 1957 च्या सुमारास या गाड्या बनवायला घेतल्या. त्या काळच्या बहुतेक कॅराव्हॅनचा सांगाडा लाकडी असायचा आणि एकदा पाणी शिरलं की आतून कुजायचा. एरिबाच्या टूरिंग गाड्यांचा सांगाडा लोखंडी नळ्यांचा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, छताचा मधला भाग वर उचलता येणारा. सुताराला जी गाडी अवघड, ती वेल्डरला सोपी. तुमचा जीव तिच्यावर का जडला ते कळतं. पण पत्रात तुम्ही हिला "गुंतवणूक" म्हटलंय, म्हणून मी तिच्याकडे गुंतवणूक म्हणूनच बघणार.

पहिला प्रश्न कागदांचा. जर्मन कॅराव्हॅन पेडण्याच्या भाटात आली कुठून? युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत लोक गाड्या घेऊन गोव्यात यायचे. 1979 मध्ये इराणातली क्रांती आणि अफगाणिस्तानातली सोव्हिएत फौज यांनी तो रस्ता जवळजवळ बंद केला. अशी गाडी साधारणपणे 'कार्ने' नावाच्या कागदावर येते. त्याचा अर्थ, गाडी तात्पुरती आणली आहे, सीमाशुल्क भरलेलं नाही, मुदतीत परत नेणार. परत न नेता मालक ती इथेच सोडून गेला, तर शुल्क थकलेलंच असतं. सीमाशुल्क कायदा 1962 चा आहे, त्याखाली असा माल जप्त होऊ शकतो, आणि सोडवायचा तर शुल्क आणि वर दंड. गाडी चाळीस वर्षं कुणाच्या लक्षात आली नसेल. पण तुम्ही तिला रंग देऊन, फोटो काढून, पर्यटकांच्या साइटवर टाकणार आहात. लक्षात येण्याची सगळी सोय तुम्हीच करताय.

भाटकाराच्या मुलाकडे विकण्याचा हक्क तरी आहे का, हेही विचारा. भाटात उभी राहिली म्हणून गाडी भाटकाराची होत नाही. त्याच्याकडे तीनपैकी एक कागद हवा: शुल्क भरल्याची पावती, सीमाशुल्क खात्याच्या लिलावातली खरेदी, किंवा इथल्या आरटीओचं नोंदणीपुस्तक, आणि त्या नावापासून त्याच्या नावापर्यंतची साखळी. "बाबांना त्या साहेबाने दिली होती" याला कागद म्हणत नाहीत. यातलं काहीच नसेल तर ही गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका, आणि इथून पुढचं वाचायचीही गरज नाही.

कागद आहेत असं धरून पुढे जाऊ. रस्त्यावर ओढून नेण्याचा विचार मात्र सोडा. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये ट्रेलरसुद्धा वाहनच आहे, नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही आणि नोंदणी नाही तर विमा नाही. पन्नास वर्षं जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, ते दुचाकी आणि चारचाकींचे आहेत, ट्रेलरचे नाहीत. शिवाय तसली नोंदणी धंद्यासाठी चालतही नाही. म्हणजे पेडण्याहून क्रेनने उचलून दुसऱ्या गाडीवर चढवून आणायची. तो खर्च तुमच्या हिशोबात मला कुठे दिसला नाही.

एका जागी उभी राहिली की ती झाली खोली, आणि खोलीला जमीन लागते. सासऱ्यांचं भाट म्हणता, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या सरकारी नोंदीत, नावं कुणाकुणाची आहेत? वाटण्या झाल्या नसतील तर सासऱ्यांच्या भावंडांचा हक्क आहे. आपल्या गोव्यातल्या नागरी कायद्याने लग्नात वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळे त्या भावंडांच्या जोडीदारांचाही. चवथीला सगळे गोड बोलतील. तुमच्या डब्यातून पैसे येताना दिसले की पहिला काका विचारील, "आमचा वाटा?" तेव्हा आठ सह्या गोळा करत फिराल.

त्यावर जमिनीचा प्रकार. शेतीची असेल तर बिगरशेती वापरासाठी सनद लागते. कुळाची असेल तर तो विषयच संपला समजा. भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असेल तर किनारी नियमन क्षेत्र आडवं येतं, आणि मांद्र्याला बरीच भाटं त्या पट्ट्यात आहेत. पर्यटकांना पैसे घेऊन राहायला द्यायचं तर 1982 च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्याखाली खात्याकडे नोंदणी हवी. "चाकं आहेत, म्हणजे हे बांधकाम नव्हे" असं सांगणारे तुम्हाला भेटतील. वकिलाने तसं म्हणायला हरकत नाही, ते त्याचं काम. पण संडासाचा खड्डा आणि विजेची जोडणी केल्यावर तुम्ही त्या वाक्यावर 10 लाख रुपये लावू नका.

10 लाख कुठून आले? तुम्ही सव्वासहा लिहिलेत. मी जोडतो तेव्हा एवढे होतात.

तुमची मजुरी शून्य नाही. 65,000 भागिले 26 दिवस, म्हणजे दिवसाचे 2,500. या गाडीला तुमचे साठ दिवस सहज जातील, म्हणजे दीड लाखाची गिऱ्हाइकांची कामं तुम्ही नाकारणार. ते पैसे बँकेतून जात नाहीत म्हणून दिसत नाहीत, एवढंच. दुरुस्तीच्या साडेतीन लाखांवर मी निदान तीस टक्के वाढ धरतो, कारण जुनी कॅराव्हॅन उघडल्याशिवाय खरं सांगत नाही. झाले 4,55,000. संडास, पाणी, वीज, वाहतूक मिळून सव्वा लाख. वर 2,75,000 किंमत. बेरीज 10,05,000.

तीस टक्के का, ते तुम्हाला पटेल अशा भाषेत सांगतो. कॅराव्हॅनला इंजिन नसतं, त्यामुळे ती मरते ती पाण्यानेच. छताचे सांधे, खिडक्यांचे रबर, पत्र्यातले स्क्रू, दिव्यांची भोकं, इतक्या ठिकाणांहून पाणी आत येतं आणि खाली प्लायच्या जमिनीत मुरतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, वर समुद्राची खारी हवा. लोखंडी नळ्या आतून गंजतात, बाहेरचा रंग शाबूत असतो. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकतात तिथे खारट ओलीने ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी सुटते. आता पाऊस ओसरतोय, बघायला जाण्याची हीच वेळ. फेब्रुवारीत सगळं कोरडं आणि छान दिसेल. जाल तेव्हा गाद्या आणि खालची कपाटं काढायला लावा. चाकांच्या कमानीजवळ आणि चारी कोपऱ्यांत जमिनीत स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. जिथे तो लोण्यासारखा आत जाईल तिथून जमीन बदलायची. नळ्यांवर हातोडीने हलकं वाजवा, आवाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो. गॅसवरचा मूळ फ्रीज असेल तर मागच्या नळ्यांवर पिवळे डाग आहेत का पाहा. असतील तर आतला अमोनिया गळलेला आहे, फ्रीजचे पैसे किमतीत धरू नका.

आता उत्पन्न. वर्षाला 200 रात्री हा आकडा कुठल्या तरी रिसॉर्टचा आहे, तुमचा नव्हे. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या डब्यात कोण राहणार? मे महिन्यात एसी नसेल तर कुणीही नाही. पहिल्या वर्षी मी 60 रात्री धरतो, 2,500 रुपयांनी: दीड लाख. साइटचं कमिशन पंधरा टक्के, 22,500. साफसफाई आणि धुणं 18,000, वीज 12,000, पावसाळ्याआधी छप्पर घालणं आणि दरवर्षीची डागडुजी 20,000. उरले 77,500. तेही तुम्ही डिचोली-मांद्रे हेलपाटे फुकट घातलेत असं धरून. 10 लाख साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले तर 65,000 येतात, आणि मुद्दल कुणाच्या भाटात गंजत नाही. साडेबारा हजारांच्या फरकासाठी एवढी उस्तवार, आणि दर पावसाळ्यात गाडीची किंमत खाली.

आणि सोनं. 4 लाख, तीन वर्षं, 11 टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण 13,100. आज 65,000 मधून 45,000 आणि 6,200 गेले की तुमच्याकडे 13,800 उरतात. हप्ता गेल्यावर उरणार 700 रुपये. पावसाळ्याच्या चार महिन्यांत गाडी एक पैसा देणार नाही, तेव्हा हे 52,400 वर्कशॉपनेच भरायचे. वडिलांच्या ट्रकांचं तुम्ही लिहिलंत. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे आणि हप्ते चालू, हे त्या काळात साखळी-डिचोलीत किती घरांनी बघितलं! तेव्हा निदान ट्रकांना कागदपत्रं होती आणि विकायचे म्हटले तर भावही होता. वहिनींच्या पाटल्या या कामासाठी बाहेर काढू नका. वहिनींना पूर्ण हिशोब दाखवलात का, हे पत्रात कुठे नाही, म्हणून विचारतो.

एफडीलाही मी हात लावू देणार नाही. 9 लाख तुम्हाला मोकळे वाटतात, ते मोकळे नाहीत. घरखर्च आणि मशीनचा हप्ता मिळून सहा महिन्यांचे 3 लाख राखीव हवेतच. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड हॉस्पिटलचं बिल बघेल, पण तुमचा हात मोडून वर्कशॉप बंद राहिलं तर ते घर चालवणार नाही. उरलेले 6 लाख मुलीचे, दोन वर्षांत लागणारे. न विचारलेली एक गोष्ट सांगतो: सगळे 9 लाख एकाच सहकारी बँकेत आहेत. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंतच आहे. मुदत संपली की निम्मे दुसऱ्या बँकेत हलवा. कॅराव्हॅन घ्या किंवा न घ्या, हे कराच.

इतकं वाचून तुम्ही हिरमुसला असाल. दोन वाटा उघड्या दिसतात मला.

गाडी तुम्हाला मनापासून हवी असेल, तर हौस म्हणून घ्या. कागद स्वच्छ असतील तर माझ्या मते 40,000 च्या वर जाऊ नका, पडून राहिलेल्या डब्याला दुसरं गिऱ्हाईक रांगेत उभं नाही. वर्कशॉपच्या मागे तुमच्याच जागेत चार चिऱ्यांवर चढवा, टायरवर भार ठेवू नका. वर उंच पत्र्याचं छप्पर घाला, वारा खेळता राहील असं. प्लास्टिक गुंडाळलंत तर आतली ओल आतच कुजवेल. महिन्याच्या उरलेल्यातून जेवढं जमेल तेवढंच घाला, वर्षाला एक लाख ही कमाल मर्यादा. आधी फक्त जमीन आणि सांगाडा. तिथे निम्म्याहून जास्त नळ्या गेलेल्या निघाल्या तर तिथेच थांबायचं, हे आजच वहीत लिहून ठेवा आणि वहिनींची सही घ्या.

दुसरी वाट मला जास्त आवडते. ज्यांच्याकडे सनद आहे, पर्यटन खात्याची नोंदणी आहे, खोल्या चालू आहेत, अशा होमस्टेवाल्यांना काहीतरी वेगळं ठेवायचं असतं आणि करून देणारा माणूस मिळत नाही. तुम्ही करून द्या. माल त्यांचा, जागा त्यांची, जोखीम त्यांची, मजुरी तुमची, ॲडव्हान्स घेऊन. दोन लाखांचं एक काम मिळालं तर मी वर मांडलेल्या 77,500 च्या दुपटीहून जास्त होतात, आणि ते पावसाळ्यातही शेडखाली चालतं. हवं तर भाटकाराच्या मुलाची गाठ अशा एखाद्या मालकाशी घालून द्या.

रविवारचं काय ते सांगतो. तो फारच घाई करत असेल तर 5,000 द्या, 25,000 नाही. चेकने किंवा यूपीआयने, रोख नको. स्टॅम्पपेपरवर एवढंच लिहून घ्या: तीस दिवसांत शुल्काचे आणि मालकीचे मूळ कागद दाखवायचे, दाखवले नाहीत तर रक्कम परत, आणि गाडीची तपासणी झाल्यावर किंमत नव्याने ठरेल. यावर सही करायला तो का-कू करू लागला तर पाच हजारही देऊ नका.