अ‍ॅनोटेशन लावलंय, तरी गेटअ‍ॅनोटेशन नल का देतं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: जावामध्ये @मर्यादा नावाचं, म्हणजे कोडवर लावायच्या खुणेचं, अ‍ॅनोटेशन तुम्ही स्वतः लिहिलंत, सर्व्हिस क्लासमधल्या एका मेथडवर लावलंत. रिफ्लेक्शनने (प्रोग्राम चालताना कोडचीच माहिती वाचायची सोय) ती मेथड सापडतेय, पण तिच्यावर गेटअ‍ॅनोटेशन मारलं की नल, म्हणजे काहीच नाही. कंपायलर मात्र चकार शब्द काढत नाही.

आधी @मर्यादाची फाइल उघडा आणि वर @रिटेन्शन (खूण कुठपर्यंत टिकवायची ते) लिहिलंय का बघा. नसेल, तर चोर तिथेच आहे. २००४ मध्ये जावा ५ बरोबर अ‍ॅनोटेशन आली तेव्हापासून काहीच न लिहिल्यास ‘क्लास’ हे रिटेन्शन धरलं जातं. म्हणजे खूण कंपाइल झालेल्या क्लास फाइलमध्ये उतरते, पण प्रोग्राम चालताना रिफ्लेक्शनला दिसत नाही. ‘सोर्स’ असेल तर फाइलपर्यंतही पोचत नाही; @ओव्हरराइड त्यातलंच. तुम्हाला हवंय ते रिटेन्शनपॉलिसी.रनटाइम. न सांगता ‘क्लास’ धरणं हा निर्णय मला आजही पटत नाही. स्वतःचं अ‍ॅनोटेशन लिहिणाऱ्या बहुतेकांना ते रनटाइमलाच वाचायचं असतं.

आता मी जिथे अर्धा दिवस घालवला ती गंमत. आमचं अ‍ॅनोटेशन एका कॉमन जारमध्ये (कंपाइल केलेल्या क्लासच्या गठ्ठ्यात) होतं. मी रिटेन्शन दुरुस्त केलं, नवा जार टाकला, सर्व्हिस रीस्टार्ट केली. तरी नल! शेवटी वैतागून सर्व्हिसच्या क्लासवर जावापी (क्लास फाइलमध्ये काय आहे ते दाखवणारं टूल), व्हर्बोज पर्यायासह, चालवलं. मेथडखाली स्वच्छ लिहिलं होतं: रनटाइमइनव्हिजिबलअ‍ॅनोटेशन्स. खूण व्हिजिबल की इनव्हिजिबल हे ती जिथे लावलीय तो क्लास कंपाइल होताना ठरतं, आणि आमचा सर्व्हिस क्लास जुन्याच जारवर कंपाइल झालेला. क्लीन बिल्ड केला (सगळं नव्याने कंपाइल), ‘इनव्हिजिबल’चं ‘व्हिजिबल’ झालं, नल गेला. तेव्हापासून कोड वाचत बसण्याआधी मी जावापीच चालवतो.

तिथे व्हिजिबल दिसत असूनही नल येत असेल, तर मेथड कुठून उचललीत ते बघा. स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये बीनवर (स्प्रिंग सांभाळतं त्या ऑब्जेक्टवर) गेटक्लास केलंत तर बऱ्याचदा तुमचा क्लास हाती येत नाही, सीजीलिब या लायब्ररीने बनवलेला त्याचा सबक्लास येतो. त्यात मेथड ओव्हरराइड झालेली असते आणि मेथडवरचं अ‍ॅनोटेशन ओव्हरराइडमध्ये उतरत नाही. @इनहेरिटेड लावूनही फरक पडत नाही. ते फक्त क्लासवरच्या अ‍ॅनोटेशनला लागू आहे, तेही सुपरक्लासकडून, इंटरफेसकडून नाहीच. अशा वेळी स्प्रिंगच्या अ‍ॅनोटेशनयूटिल्समधलं फाइंडअ‍ॅनोटेशन वापरा, ते वरच्या क्लासमध्येही शोधतं. मेथड प्रायव्हेट असेल तर गेटमेथड्समध्ये ती येणारच नाही, गेटडिक्लेअर्डमेथड्स लागेल. पण तुम्हाला मेथड मिळतेय, तेव्हा तुमचं दुखणं ते नाही.

एक शक्यता राहिली, आणि ती फार छुपी आहे. अ‍ॅनोटेशनचा जार कंपाइलला होता पण चालवताना क्लासपाथवर (जावा क्लास जिथे शोधतं त्या यादीत) नाही, तर बाकीच्या क्लाससारखी क्लासनॉटफाउंडची बोंब होत नाही. जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं आभासी यंत्र) ती खूण गुपचूप सोडून देतं. तुमचं अ‍ॅनोटेशन वेगळ्या मॉड्यूलमध्ये असेल तर हेही तपासा.

एवढं करूनही नल आलाच, तर त्या मेथडचं जावापीचं आउटपुट प्रश्नात टाका, बघतो.