मुलांची फ्लूची लस: हिशेब कुठे जुळतो, कुठे फसतो

प्रश्न असा आहे: लस जेमतेम निम्मं संरक्षण देते, तीही दरवर्षी घ्यायची, मग दोन वर्षांच्या मुलासाठी ती परवडते का? बहुतेकदा परवडते. पण औषधपाण्याचा खर्च वाचतो त्यापेक्षा आईबापांचे कामावरचे खाडे वाचतात म्हणून.

समजा, एका हंगामात १०० पैकी २० मुलांना खराखुरा फ्लू होतो आणि लस त्यातले निम्मे टाळते. म्हणजे एक आजारपण टाळायला १० मुलांना टोचावं लागलं. त्या दहांचा सगळा खर्च एका आजारपणाच्या खर्चाहून कमी भरला, की सौदा फायद्याचा. साथ सौम्य असेल आणि १० मुलंच आजारी पडणार असतील, तर एक आजारपण टाळायला दहाऐवजी वीस मुलांना टोचावं लागतं. म्हणून एकाच हंगामावरून निकाल देऊ नका, पाच-सात हंगामांची सरासरी धरा.

हमखास विसरली जाते ती दुसरी खेप. ६ महिने ते ८ वर्षं वयात पहिल्यांदा लस घेताना किमान ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे दोनदा अर्धी रजा. कधी कधी ही रजाच लसीपेक्षा महाग पडते! इतर लसींच्याच दिवशी हीही उरकली, किंवा पाळणाघरात टोचण्याची सोय झाली, की गणित पालटतं.

चूक उलट्या बाजूनेही होते. प्रत्येक तापखोकला फ्लूच्या खात्यात टाकला की फायदा फुगतो. त्यातले बरेच आजार आरएसव्ही, ऱ्हायनोव्हायरस वगैरे दुसऱ्या विषाणूंचे. ही लस त्यांना शिवतही नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फ्लूचेच आकडे घ्या.

सरकारी पातळीवरचा हिशेब मात्र घराबाहेर जातो. लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त दिवस विषाणू पसरवतात, त्यामुळे मुलाला टोचल्याचा लाभ आजी-आजोबांच्या जमेत दिसतो. फक्त टोचलेल्या मुलाचाच फायदा मोजणारं मॉडेल हा भाग सोडून देतं आणि लस उगाच महाग ठरवतं. ब्रिटनने २०१३ पासून मुलांना नाकात फवारायची लस द्यायला सुरुवात केली, त्यामागे हा अप्रत्यक्ष लाभ मोठा होता.

एक खर्च मात्र टळत नाही: उरलेला साठा. लसीतले विषाणूप्रकार दर हंगामाला नव्याने ठरतात, म्हणून शिल्लक कुप्या पुढच्या वर्षी चालत नाहीत. मागणी नोंदवताना दुसऱ्या डोसला किती मुलं परत येतात, तो आकडा हाताशी हवा.