पोट भरतं ना मॅडम, मग?

"आमचं पोरगं पुण्यात वडापाववर जगतंय हो, तुम्ही तरी सांगा त्याला काहीतरी." असे फोन मला महिन्याला दोन-तीन येतातच. आईबापांना तब्येतीची काळजी आणि पोरांचं उत्तर ठरलेलं, मेस परवडत नाही. मी आहाराचं समुपदेशन करते, त्यातलीच ही एक केस, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारा, वय 24, वजन 62 किलो. आई सोलापूरकडची, गळ्यात माळ. तक्रार काय तर दुपारी अभ्यासिकेत पुस्तकावरच झोप लागते, सारखा थकवा. आधी डॉक्टरांकडून रक्त तपासून आणा म्हटलं, त्यात फार काही निघालं नाही. मग आईला बाहेर बसवलं, त्याला कागद दिला आणि म्हटलं काल दिवसभर काय खाल्लंस ते किमतीसकट लिही.

सकाळी चहा-क्रीमरोल 30, दुपारी दोन वडापाव 40, संध्याकाळी बनमस्का आणि चहा 45, रात्री गाडीवरचा शेजवान राईस 80. झाले 195. "पोट भरतं ना मॅडम, मग?" मी म्हटलं भरतं रे, पण कशानं भरतं ते बघ. मैदा, बटाटा, भात, तेल, साखर. प्रोटीन मोजलं तर सगळं मिळून जेमतेम 30 ग्रॅम, आणि त्याच्या वजनाला रोज साधारण 51 तरी लागतं (किलोमागे 0.83 ग्रॅम, आपल्याकडे हाच हिशोब धरतात). मग दुपारी झोप नाही येणार तर काय.

वडापावला मी शिव्या घालत नाही हां, मला स्वतःला आवडतो. 1966 च्या आसपास दादर स्टेशनबाहेर तो सुरू झाला असं मानतात, गिरणीत उभ्यानं राबणाऱ्या माणसाला पटकन ताकद देणारं खाणं ते, हा मात्र दहा तास खुर्चीत बसतो.

रविवारी मित्रांबरोबर बर्गरचा कॉम्बो, 220 रुपये. आत बटाट्याचीच टिक्की, बाहेर पावच, जास्तीचं काय तर मेयोनीज आणि एसी! वर 250 मिलीचं कोल्ड्रिंक, त्यात 26 ग्रॅमच्या आसपास साखर. ज्या चेनच्या दहा किंवा जास्त शाखा असतात त्यांना मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात, तेवढं तरी वाचत जा म्हटलं, पण त्यातून प्रोटीन कळत नाही हेही सांगितलं.

मग रुपयाचा हिशोब मांडला. वडापाव 20 रुपयात 6-7 ग्रॅम प्रोटीन. गाडीवरची दोन उकडलेली अंडी 24 रुपयात 12 ग्रॅम. मूठभर, म्हणजे 50 ग्रॅम फुटाणे दहा रुपयात 10 ग्रॅम. मिसळ त्यातल्या त्यात बरी कारण मोडाची मटकी असते, पण कुठेकुठे नुसती तर्री आणि फरसाणच असतं म्हणा. आणि मेस? चार पोळ्या, आमटी, भाजी, भात, एका जेवणात 22-25 ग्रॅम, महिन्याचे 3400 दोन वेळचे. याचा बाहेरचा खर्च रोज 195 म्हणजे महिन्याला साडेपाच हजाराच्या वर, रविवारचे बर्गर वेगळेच!

तो बघतच राहिला. मेसचे 3400 एक तारखेला एकदम मोजून द्यावे लागतात म्हणून ते टोचतात, वीस-वीस रुपये स्कॅन करून जातात ते कोण मोजतो.

पण हिशोब कळूनही चेहरा काही खुलेना. मी गप्प बसले. थोड्या वेळानं खाली बघत म्हणाला, "मॅडम, मेसला सगळे आपल्याच बॅचचे असतात. प्रिलिमला चार मार्कांनी गेलं माझं. ताट घेऊन बसलं की कटऑफ, आन्सर की, तुझं किती, हेच चालू होतं. गाडीवर उभ्यानं खाल्लं की कोण विचारत नाही."

म्हणजे पैशाचं कारण खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं. असं बऱ्याचदा होतं आमच्याकडे. त्यामुळे डाएट चार्ट वगैरे काही दिला नाही. त्याला एवढंच सांगितलं की दुसरी मेस शोध, लांबची चालेल, उशिराची वेळ घे, सकाळच्या क्रीमरोलऐवजी दोन अंडी आणि अभ्यासिकेच्या बॅगेत फुटाण्याची पुडी. वडापाव आठवड्यातून दोनदा, मजेत खा.

उठताना दाराकडे बघून हळूच म्हणाला, "अंड्याचं आईला सांगू नका हां."

दीड महिन्यानं आईचा फोन. नारायण पेठेतली मेस लावलीय, रात्री सव्वानऊची पंगत, तिथे सगळे नोकरीवाले. झोप कमी झालीय म्हणे. "मी भाजलेले शेंगदाणे-फुटाणे पाठवतेय, किती पाठवू महिन्याला?" असं सगळं त्यांचं विचारून झालं. ठेवता ठेवता म्हणाल्या, "आणि ताई, तो तिकडं अंडी खात असला तर खाऊ दे. फक्त मला सांगू नका."